इन्स्पेक्टर प्रेमदासची अटक

४ डिसेंबर २००८, गुरुवार. आंजी (मोठी)

ही डायरी बियाण्याच्या कंपनीनं भाऊजींना फुकट दिली होती. त्यांनी जयाताईला दिली, ताईनं मला. म्हणाली, "लिहित जाय काही. निदान एका जागी बसशील तरी." साल संपत आलं तरी पानं सगळी कोरीच होती. म्हणून जानेवारीची तारीख खोडून डिसेंबर लिहितो आहे.

मला नोकरी लागली. सिक्युरिटी गार्ड. तिकडे मुंबईत हॉटेलं जळाली, माणसं मेली, आणि इकडे आंजीत ओमप्रकाश शेठजींच्या कापसाच्या जिनिंगला एकाएकी धोका निर्माण झाला. दहशतवादी समुद्रातून आले म्हणे. आमच्याकडं पाणी म्हटलं तर धाम नदी, आणि तिच्यात या दिवसांत म्हैससुद्धा पुरती भिजत नाही. पण शेठजी दिवसभर टीव्हीपुढं बसून होते, आणि टीव्ही त्यांच्याशीच बोलतो आहे असं त्यांना वाटू लागलं होतं.

एजन्सी प्रभाकररावांची. मागल्या दिवाळीपर्यंत हे गृहस्थ एसटी स्टँडजवळ सायकल स्टँड चालवत होते. आता त्यांना 'चीफ' म्हणायचं. ट्रेनिंग चहा संपायच्या आत झालं.

"गाडीवाल्याले सलाम ठोकाचा. खाकीले सलाम ठोकाचा. पायी येणाऱ्याले विचाराचं, कोणाकडं आला, काऊन आला."

"अन् बंडीवाल्याले?"

"बंडीवाला कायचा दहशतवादी बे? त्याले त्याचे बैलच आवरत नाई."

निळा शर्ट, खांद्यावर लाल दोरी, टोपी, काठी, शिटी. बूट मला मोठे होतात. चीफ म्हणाले, "पुढं कापूस कोंबजो. जिनिंगमंधी कापसाची काय कमी?" कोंबला. चालताना ढगावर चालल्यासारखं वाटतं, पण ढग टाचेला सटकतो.

भाऊजींनी जेवताना सांगितलं, "हेही सोडलं तर मंग बोचकं बांधजो." आजवर सुरतेला साड्यांच्या घड्या केल्या, रायपूरला धाब्यावर होतो, अमरावतीला झेरॉक्सच्या दुकानात. सगळीकडून मी आपणहून निघालो. सुरतेहून काढलं होतं, पण मी तसाही निघणारच होतो.

९ डिसेंबर

नागपूरहून चौकट आली. माणूस तिच्यातून गेला आणि त्याच्याजवळ लोखंड असलं की ती ओरडते. ऑफिसच्या दारापुढं उभी केली. शेठजींनी हार घातला, नारळ फोडला. पहिल्यांदा आनंदाबाई, म्हणजे शेठाणी, पूजेचं ताट घेऊन तिच्यातून गेल्या आणि चौकट किंचाळली. ताट खाली. शेठजी म्हणाले, "देखा? काम करते!"

मग कास्तकार आले. कापूस विकायला आलेल्या माणसाच्या कमरेच्या करगोट्याला किल्ली, खिशात अडकित्ता, कुणाकडं विळा, कुणाकडं बंडीचा खिळा. चौकट थांबेचना. लोकांना मजा वाटली. एक म्हातारा तीनदा गेला. म्हणाला, "माही बायकोबी एवढी नाई ओरडत." शेवटी मुनीमजींना आकडेमोड सुचेना म्हणून त्यांनी प्लग काढला. चीफ म्हणाले, असू दे, नुसती उभी असली तरी धाक राहतो. तशी ती उभी आहे. मीही उभा आहे. आमच्यात फरक एवढाच की तिला हार घातला होता.

अमरावतीच्या झेरॉक्स मशीनबद्दल एक गंमत लिहायची होती, पण झोप येते आहे.

१५ डिसेंबर

ठाणेदार साहेब आले होते. नवे आहेत, पुण्याकडचे. गावातले व्यापारी, पेट्रोल पंपवाला आणि आम्ही गार्ड लोक, सगळ्यांना जिनिंगच्या शेडमध्ये बसवलं आणि भाषण दिलं. "पोलिस सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. खासगी सुरक्षारक्षक हे आमचे डोळे आणि कान आहेत." म्हणजे त्यांच्याकडं तोंड तेवढं उरलं. बाजूला ठाण्यातले मोतीलाल जमादार होते. त्यांचं तोंड समोशानं भरलं होतं.

मग मुद्द्याचं बोलले. येत्या दिवसांत कधीतरी पोलिसांचा एक माणूस वेष बदलून खोटा बॉम्ब घेऊन येणार. गार्डनं त्याला गेटवरच धरला पाहिजे. आत गेला तर ही एजन्सी या भागात दिसणार नाही.

सभा संपल्यावर चीफनी माझी कॉलर धरली. "आदेश, लेका, तुह्या भरवशावर माहं घर हाय."

मी म्हटलं, "कसा ओळखू जी? वेष बदलून येईन न तो."

"जो ओळखीचा नाई, तोच."

आंजीत ओळखीचा नाही असा माणूस येऊन येऊन किती येणार? मला हसू आलं. पण रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी मला आग्रहानं भाकर वाढली. पहिल्यांदाच. नोकरी टिकली पाहिजे असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

२२ डिसेंबर

आज जे झालं ते लिहितो.

दुपारी गेटवर शिटी वाजली. बघतो तर इन्स्पेक्टर प्रेमदास! हा बहुरूपी. कापूस घरात आला की दरसाल या भागात येतो. बाजाराजवळ पाल ठोकतो. बायको तानाबाई सोबत असते. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, टोपीला बँडवाल्याचा पितळी बिल्ला, कमरेला सागाचं पिस्तूल. आमच्या तळेगावलाही यायचा. मी लहानपणी त्याच्या भीतीनं ज्वारीच्या कोठीत लपलो होतो.

"गेटकिपर! तुह्या नावाचं वॉरंट हाय. लगन न करता वय वाढवल्याचा गुन्हा."

"कोणत्या कलमाखाली जी?"

"आंब्याच्या कलमाखाली. चाल, बेड्या आणू का बांगड्या आणू?"

वजनकाट्याजवळच्या बंड्यांवरून लोक हसायला लागले. मला काय वाटलं कोण जाणे, मी गेट पूर्ण उघडलं आणि कडक सलाम ठोकला. म्हटलं, "जा सायब. शेठजीले अटक करा. लय दिवसाचे फरार हायेत."

तो ऐटीत गेला. चौकटीतून जाताना तिलाही सलाम केला. लोक पोट धरून हसले. मग ऑफिसात शिरला आणि ओरडला, "कोणी हलाचं नाई! कापसात सरकी लपवल्याचा आरोप हाय!"

शेठजींकडं सुरतेचा एक व्यापारी बसला होता. त्यानं खाकी पाहिली, पिस्तूल पाहिलं, आणि किंचाळला. टीव्हीवर सांगत होतेच, ते लोक पोलिसांची गाडी घेऊन फिरले म्हणून. शेठजी टेबलाखाली गेले आणि तिथूनच ठाणेदारांना फोन लावला. चीफ धावत आले, प्रेमदासला पाडलं आणि त्याच्या पाठीवर गुडघा ठेवून बसले.

प्रेमदासला वाटलं, हाही खेळच आहे. खालून म्हणाला, "हवालदार, सायबावर बसाचं नसते."

मी म्हटलं, "चीफ, हा प्रेमदास हाय. बहुरूपी."

चीफनी माझ्याकडं पाहिलं. हळूच बोलले, "चूप. तू पकडला याले. गेटवर. समजलं? तू."

२३ डिसेंबर

ठाण्यात गेलो होतो. माझं बयान. लिहून आधीच तयार होतं. 'संशय आल्याने मी सदर इसमास गेटवर अडविले व प्रसंगावधान राखून जेरबंद केले.' जेरबंद हा शब्द मी उभ्या जन्मात वापरला नाही.

मोतीलाल जमादार तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. ते याच तालुक्यातले. प्रेमदासनं त्यांना लहानपणी पन्नास वेळा अटक केली असेल. मी म्हटलं, "जमादार, तुमाले तं मालूम हाय न हा कोण हाय ते?"

"मालूम हाय न."

"मंग सायबाले सांगा न."

"साहेब पुण्याचे हायेत. त्याईले बहुरूपी काय समजावू? अन् साहेबानं वर फोन करून देल्ला. आता मी तो खाली कसा उतरवू?"

ठाणेदार म्हणाले, "वाचून घ्या आणि सही करा."

मी म्हटलं, "वाचून काय करू साहेब, सांगा कुठं करू."

समोर गजांमागं प्रेमदास बसला होता. खाकी काढून घेतली होती. बनियानवर लहान दिसतो. माझ्याकडंच पाहत होता. सही करताना पेन चाललं नाही म्हणून झटकलं, तेव्हाही पाहत होता.

चीफच्या घरात पोरी आहेत, भाऊजींची भाकर आहे, आणि पोलिसाचा खोटा वेष घालणं हा गुन्हा आहेच कायद्यानं. हे सगळं मी विचार करूनच केलं. दोन दिवसांत सुटेल तो. त्याला काय, रोजचंच आहे, ठाणं आणि अटक.

२५ डिसेंबर

पेपरात आलं. 'जिनिंगवर घुसखोरीचा प्रयत्न फसला, सतर्क सुरक्षारक्षकाची कामगिरी.' फोटोत शेठजी, ठाणेदार, चीफ. चीफच्या खांद्यामागं एक कान दिसतो, तो माझा. शेठजींनी बालूशाही वाटली आणि बंदुकीच्या लायसनसाठी अर्ज टाकला. ते यासाठीच इतके दिवस धोक्याची वाट पाहत होते. धोका आला, बिचारा, पायी आला.

भाऊजींनी कात्रण आरशाला लावलं. जयाताईनं बालूशाही खाल्ली नाही. दात दुखतो म्हणाली.

२९ डिसेंबर

प्रेमदास सुटला नाही. वर्ध्याच्या जेलात नेलं. जामिनाला उभं राहायला कोणी नाही.

तानाबाई रोज सकाळी गेटसमोरच्या बाभळीखाली येऊन बसते. ओरडत नाही, शिव्या देत नाही. नुसती पाहते. बंडीवाले तिला भाकर देतात, मला कोणी रामराम करत नाही. एकजण जाताना सांगून गेला, "गार्डसायब, आमच्या बैलाची झडती घ्या. पोटात बॉम्ब असन."

मी तिला हाकललं. "येथं बसाले मनाई हाय."

ती म्हणाली, "बसू दे बापा. तू त्याले ओळखतं, म्हून तुह्यापाशी बसली. ठाण्यात तं कोणी ओळखत नाई."

घरी ताईला हे हसण्यावारी सांगायला गेलो. ती चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "बाबा गेलते त्या वर्षी तो आलता, ध्यानात हाय का तुह्या? शिटी वाजवत आंगणात आला. आईचं कपाळ पाह्यलं. टोपी काढली अन् गुमान ओट्यावर बसून राह्यला. त्या दिवशी त्यानं दाण्याचा पसाबी नाई घेतला."

मला आठवत नाही. मी कोठीत असेन. आणि असल्या गोष्टी बायकांच्या लक्षात बऱ्या राहतात.

३ जानेवारी २००९

आजची गंमत! खोट्या बॉम्बची खरी तपासणी आज झाली. आम्ही ती विसरूनच गेलो होतो. पेपरात फोटो आल्यावर चीफना वाटलं, आता कशाची तपासणी. पण वर्ध्याहून मोठ्या साहेबांनी हुकूम सोडला होता, आणि हुकूम फिरवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दुपारी पांढरी सुमो आली. काळा चष्मा, पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची चेन. मी सलाम ठोकला. गाडीवाल्याला सलाम ठोकायचा, ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं. त्यानं काच खाली करून विचारलं, "शेठजी आहेत?" मी म्हटलं, "या जी," आणि त्याच्या हातातली मिठाईची पेटी मीच उचलून ऑफिसात नेऊन ठेवली. जड होती. म्हटलं, चांगल्या दुकानाची दिसते.

तासाभरात ठाणेदार आले. पेटी उघडली. आत वायरी आणि घड्याळ.

बाभळीखालून तानाबाई हे सगळं पाहत होती. ती मोठ्यानं हसली. एकदाच.

५ जानेवारी

काल बंद खोलीत बैठक झाली. मी दाराशी उभा होतो. चौकटीजवळच. सगळं ऐकू येतं.

ठाणेदार म्हणत होते, "गार्डनं बॉम्ब स्वतः उचलून आत नेला, हे मी वर कसं कळवू?"

शेठजी म्हणत होते, "मेरा लायसन अटक जाएगा साहेब."

चीफ फक्त नाक ओढत होते.

तोडगा मोतीलाल जमादारांनी काढला. साहेबांपुढं त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "साहेब, तपासणी तं बावीस तारखेलेच झाली न. प्रेमदास आपलाच माणूस होता. आपणच पाठवला होता वेष बदलून. गार्डनं गेटवर धरला. तपासणी पास."

मग ठाणेदार म्हणाले, "मग जेलात कशाला ठेवला?"

"गुप्तता राखाले, साहेब."

झालं. मला आत बोलावलं, दुसरं बयान पुढं केलं. पहिल्या बयानात प्रेमदास घुसखोर होता, दुसऱ्यात पोलिसांचा सहकारी. मी दोन्हीकडं सतर्क आहे. सही केली. या वेळी पेन चाललं.

म्हणजे तो खऱ्यानं सुटला नाही, दुसऱ्या खोट्यानं सुटला. पहिलं खोटं माझ्या अब्रूसाठी होतं, दुसरं यांच्या. जमादारांना म्हटलं, "हे आधी काऊन नाई सुचलं?" ते म्हणाले, "आधी कोणाची अडली होती?"

इतकी हलकट माणसं मी सुरतेलाही पाहिली नाहीत.

८ जानेवारी

प्रेमदास आला. पायजमा, बनियान, खांद्यावर टॉवेल. पाल मोडून निघाले होते. दाढी वाढलेली, खोकत होता. त्याच्या खाकीचं विचारलं. मुद्देमाल म्हणून जमा आहे म्हणाला, पिस्तूलही. कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय मिळत नाही.

"मंग आता काय करसान?"

"काय करतो बावा. कपडे नाई तं सोंग नाई. मजुरी पाहू कोठं."

राग दिसला नाही. मला तेच जास्त खटकलं. शिवी दिली असती तर मीही चार दिल्या असत्या.

तानाबाईनं फक्त एवढंच म्हटलं, "चाला. येथं बसाले मनाई हाय."

११ जानेवारी

नोकरी सोडली. शर्ट, टोपी, लाल दोरी, शिटी, बूट, सगळं एका पोत्यात भरलं आणि आर्वीच्या रस्त्यावर तानाबाईचं पाल होतं तिथं टाकून आलो. प्रेमदास कामाला गेला होता. तिला म्हटलं, "विकून टाका, नाहीतर जाळा." दयाबिया काही नाही. बूट चावत होते. मोठे बूटही चावतात, घालून पाहा. त्यातला कापूस मळला होता म्हणून काढून फेकला.

चीफना सांगितलं, ड्रेस चोरीला गेला. ते म्हणाले, "सिक्युरिटीचा ड्रेस चोरीले गेला हे कोणाले सांगू नोको, लेका." नोकरी सोडतो म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला.

भाऊजींनी आरशावरचं कात्रण काढलं. बोचकं मी आधीच बांधलं होतं. ताई वाटेसाठी भाकर बांधताना म्हणाली, "आता कोठं?" मी म्हटलं, "पाहू."

२६ फेब्रुवारी. तळेगाव

बऱ्याच दिवसांनी लिहितो. मध्ये नागपूरला होतो, एका रसवंतीवर. मालक मूर्ख निघाला. गावी आलो तर आज बाजार होता.

बाजारात गर्दी दिसली. घुसलो. निळा शर्ट, लाल दोरी. प्रेमदास.

आता तो इन्स्पेक्टर करत नाही, गार्ड करतो. तानाबाईनं आणि एका भांडीवाल्यानं दोन काठ्या उभ्या धरल्या होत्या, ती चौकट. म्हातारी गेली की तो तोंडानं किंचाळायचा, तिची पिशवी उपसायचा, वांगी हुंगायचा. मोटरसायकल गेली की सलाम. पोरानं दोरीनं ओढलेली खेळण्यातली गाडी गेली, तिलाही सलाम, आणि वर त्या पोराची चड्डी सावरून दिली. कुत्र्याला विचारत होता, "कोणाकडं आला? काऊन आला?" लोक लोळून हसत होते. इन्स्पेक्टरला एवढे कधी हसले नव्हते.

उभं राहायची ढब माझी. एका पायावर भार, काठीवर हनुवटी. मी तसा उभा राहतो हे मला माहीत नव्हतं.

मग खाली बसला, हवेतच कागद धरला, पेन झटकलं. म्हणाला, "वाचून काय करू साहेब, सांगा कुठं करू." लोक हसले. का हसले ते त्यांनाही माहीत नसेल.

उठताना त्याची नजर माझ्यावर पडली. सोंग सोडलं नाही त्यानं. सरळ माझ्यापुढं आला, काठी आपटली.

"कोठून आले?"

मी त्याच्या लाल दोरीकडं पाहिलं.

"कोठं चालले?"

लोक माझ्याकडं पाहून हसत होते. सुरतेत मालकाला तोंडावर उत्तरं दिली होती मी, आणि इथं आपणहून दोन्ही हात वर केले. त्यानं माझे दोन्ही खिसे वरून चाचपले, काठ्यांकडं पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "जाऊ द्या याले. याच्याजवळ काही नाई."

तो वळला तेव्हा दिसलं, बूट टाचेला सटकत होते. फटक, फटक. चार पावलांवर एकदा अडखळला. लोकांना तोही खेळच वाटला.

पुढं एका बंडीत कापूस भरलेला होता. मी मूठभर उचलला, दोन बुटांपुरता. बंडीवाल्यानं पाहिलं, काही म्हटलं नाही. परत गर्दीपर्यंत गेलो. तानाबाई पैसे गोळा करत होती, तो लोकांना सलाम करत होता. मी थोडा वेळ उभा राहिलो. एका पायावर भार पडला हे ध्यानात आलं तसा दुसऱ्यावर दिला.

मग रसवाल्याची गाडी आली, लोक हलले, आणि मी घरी आलो.

कापूस अजून खिशात आहे.